सागरी पुलाची दोन टोकं

हजिऱ्याहून घोघ्याला रस्त्याने जायचं तर सुमारे ३७० किलोमीटरचा वळसा पडतो. सुरत आणि भावनगर यांच्या मध्ये खंभातचं आखात आहे, आणि रस्ता त्याच्या माथ्यावरून, भरूच-वडोदऱ्याकडून फिरून जातो. ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजिरा–घोघा फेरीसेवा सुरू झाली. ट्रक, मोटारी आणि माणसं एकाच बोटीत चढू लागली आणि सरकारी आकड्यांप्रमाणे तेच अंतर ९० किलोमीटरवर आलं. तरीही दिवाळीच्या आधी सुरतेच्या वराछातली हिऱ्याच्या धंद्यातली माणसं सौराष्ट्रातल्या आपापल्या गावी निघाली की बसगाड्यांत जागा पुरत नाही, आणि मग तीच चर्चा सुरू होते: एवढं सगळं बांधतात, तर आखातावर एक पूल का बांधत नाहीत?

ही चर्चा सुरतेतल्या आमच्या बमरोलीतही होते. खरं तर इथल्या खानदेशी माणसाचा भावनगरशी काही संबंध नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारची मंडळी सणासुदीला उधना स्टेशनावर गर्दी करतात आणि तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीने घर गाठतात. पण पांडेसऱ्याच्या मिलमध्ये किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात पाळी बदलते, त्या वेळी रस्त्यावर सायकली, शेअर रिक्षा आणि ताक्यांनी भरलेले टेम्पो यांची जी दाटी होते, ती रोज सोसणाऱ्या माणसाला कुठल्याही मोठ्या पुलाबद्दल आशा वाटणं साहजिक आहे. मुंबईने समुद्रावर पूल बांधून दाखवला, तोही देशातला सर्वांत लांब. मग त्या पुलाकडेच नीट पाहावं. समुद्रावरचा पूल उभा कसा राहतो आणि शहराची कोंडी कितपत सोडवतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पाण्यात सापडतं. दुसऱ्याचं उत्तर पूल जिथे जमिनीला टेकतो, त्या दोन टोकांवर सापडतं. या दुसऱ्या उत्तराकडे आपण फार उशिरा बघतो, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईची अडचण तिच्या आकारात आहे. बेट उत्तर-दक्षिण लांबट, चारी बाजूंनी पाणी, आणि सरकारी कचेऱ्या, बँका, बंदर हे सगळं दक्षिणेच्या निमुळत्या टोकाला. सकाळी सगळं शहर दक्षिणेकडे धावतं आणि संध्याकाळी उत्तरेकडे परततं. पूर्वेला खाडीपलीकडे मुख्य भूमी डोळ्यांना दिसते, पण तिथे पोचायला आधी उत्तरेला जाऊन मग खाली उतरावं लागे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला, तेव्हाच खाडीपार जाणाऱ्या पुलाची कल्पना मांडली गेली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची मांडणी केली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई कागदावरून जमिनीवर आली.

पण पूल आला तो बराच वर, ठाण्याच्या खाडीवर वाशीजवळ, १९७३ मध्ये. त्यामुळे नवी मुंबई आधी वाशीच्या आसपास वाढली. दक्षिण मुंबईच्या थेट समोर असलेलं उलवे आणि उरण मात्र कित्येक दशकं लांबच राहिलं. पूल कुठे टेकतो त्यावर शहर कुठे वाढणार हे ठरतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही.

शिवडी ते न्हावाशेवा या पुलाची कहाणी त्यानंतर नुसती रेंगाळत राहिली. २००८ साली निविदा आल्या तेव्हा एका गटाने ९ वर्षं ११ महिने टोल घेऊन पूल परत देण्याची तयारी दाखवली आणि दुसऱ्याने ७५ वर्षं मागितली. एकाच पुलासाठी दोन अनुभवी उद्योगसमूहांच्या हिशेबात एवढी तफावत पडली, म्हणजे पुलावरून किती गाड्या जातील याचा अंदाज करणं किती अवघड आहे ते कळतं. ती प्रक्रिया रद्द झाली. २०१३ मध्ये पुन्हा निविदा मागवल्या, तर निवड झालेल्यांपैकी एकही कंपनी पुढे आली नाही. शेवटी शासनाने स्वतःच भार उचलायचं ठरवलं. जपानच्या जायका या संस्थेकडून कर्ज मिळालं, एमएमआरडीएने काम हाती घेतलं, डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालं, २०१८ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि १२ जानेवारी २०२४ रोजी ‘अटल सेतू’ या नावाने या पुलाचं उद्घाटन झालं. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. खर्च १७,८४० कोटी रुपयांच्या घरात.

आता बांधणीकडे येऊ, कारण इथे इंजिनीअर आणि कामगार यांनी जे केलं आहे ते मनापासून दाद देण्यासारखं आहे.

मुंबईच्या खाडीचा तळ म्हणजे वर मऊ चिखल, त्याखाली झिजलेला, ठिसूळ झालेला दगड आणि त्याखाली पक्का काळा बेसाल्ट. पुलाचं वजन चिखलावर टाकता येत नाही, ते बेसाल्टपर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी आधी पोलादाची रुंद नळी चिखलातून खाली ठोकत नेतात, म्हणजे बाजूचा गाळ आणि पाणी आत ढासळत नाही. मग त्या नळीच्या आतून दगडात भोक पाडतात. शिवडीला यासाठी उलट्या प्रवाहाने खोदणारी यंत्रं वापरली. या यंत्राचं पातं खाली दगड भरडतं आणि तो चुरा पाण्याबरोबर नळीवाटे वर ओढला जातो. घण मारून दगड फोडण्यापेक्षा यात आवाज आणि हादरे कमी होतात, आणि ते का महत्त्वाचं होतं ते पुढे येईल. भोक दगडात पुरेसं खोल गेलं की सळयांचा तयार पिंजरा आत सोडतात आणि एका लांब पाइपातून काँक्रीट थेट तळाशी ओततात. काँक्रीट तळापासून वर चढत जातं आणि पाण्याला वर ढकलून बाहेर काढतं. काँक्रीट पाण्यातून खाली पडू दिलं तर त्यातलं सिमेंट धुऊन जाईल, म्हणून पाइपाचं तोंड कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडलेलंच ठेवावं लागतं. मधेच पुरवठा खंडला तर तो पायाचा खांब, म्हणजे पाइल, खराब धरला जातो. रात्री, पावसात, भरतीच्या पाण्यावर हेलकावणाऱ्या तराफ्यावर उभं राहून हे काम अखंड चालवायचं, ही काही साधी गोष्ट नाही.

असे काही पाइल एकत्र बांधून त्यांवर काँक्रीटचा जाड ठोकळा बसवतात, ठोकळ्यावर खांब चढतो आणि दोन खांबांच्या मधल्या अंतराला गाळा म्हणतात. अटल सेतूचे बहुतेक गाळे काँक्रीटचे आहेत. ते जागेवर ओतत नाहीत. किनाऱ्यावरच्या यार्डात आतून पोकळ, पेटीसारखे तुकडे आधीच तयार करतात, ते बार्जवरून किंवा ट्रेलरवरून आणतात आणि खांबांच्या माथ्यावर बसवलेला लाँचिंग गर्डर नावाचा अवाढव्य यांत्रिक सांगाडा एकेक तुकडा उचलून रांगेत टांगतो. तुकड्यांच्या सांध्यांना इपॉक्सी लावतात आणि मग सगळ्या तुकड्यांमधून पोलादी केबल ओवून दोन्ही टोकांकडून प्रचंड ताकदीने ओढून अडकवतात. बांधकामावरचा मजूर सात-आठ विटांची आडवी रांग दोन्ही हातांनी दाबून उचलतो, तेव्हा मधल्या विटा खाली पडत नाहीत, कारण त्या दाबाने धरलेल्या असतात. केबलचा ताण काँक्रीटच्या तुकड्यांना असाच दाबून ठेवतो आणि हवेत लोंबणारे सुटे तुकडे एकसंध तुळई होऊन गाड्यांचं वजन पेलतात.

पण सगळीकडे साठ मीटरच्या आसपासचे गाळे चालत नव्हते. खाडीच्या तळाशी तेलाच्या आणि वायूच्या वाहिन्या आहेत, त्यांच्यावर खांब रोवता येत नाही. शिवाय जहाजांना ये-जा करायला रुंद वाट हवी. तिथे लांब गाळे लागले, सर्वांत लांब १८० मीटरचा. एवढ्या लांबीला काँक्रीट आपल्याच वजनाने जड होतं. म्हणून ऑर्थोट्रॉपिक पोलादी डेक वापरले, आणि एवढ्या प्रमाणात ते भारतात पहिल्यांदाच वापरले गेले. यात रस्त्याचा पृष्ठभाग म्हणजेच एक पोलादी पत्रा असतो. त्याच्या खालून उभ्या-आडव्या पोलादी पट्ट्या जोडलेल्या असतात, म्हणून पत्रा पातळ असूनही वाकत नाही. वर डांबराचा फक्त पातळ थर येतो. असे सत्तर गाळे बसवले गेले. त्यांचे भाग जपान, तैवान, व्हिएतनाम, म्यानमार इथल्या कारखान्यांत बनून समुद्रमार्गे आले, इकडे कारंजाच्या यार्डात जुळवले गेले आणि दोन-दोन हजार टनांहून जड असा अख्खा गाळा बार्जवर चढवून पुलापाशी नेला गेला. अशा वेळी भरतीचं वेळापत्रक हाच कामाचा खरा आराखडा असतो. पाण्याची पातळी हवी तेवढी असेल तेवढ्याच वेळात गाळा जागेवर आणून बसवायचा. वेळ चुकली की पुढच्या भरतीपर्यंत थांबायचं.

यंत्रांचा आवाज का कमी ठेवायचा होता? शिवडीच्या चिखलात दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांच्यातले बरेचसे आपल्या गुजरातच्या कच्छच्या रणाकडून येतात. पावसाळा संपल्यावर येऊन उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत ते चिखलातली सूक्ष्म शेवाळं आणि बारीक जीव टिपतात. पूल नेमका त्यांच्या चरण्याच्या जागेवरून जातो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी त्यावर लक्ष ठेवलं आणि पुलाच्या त्या भागात आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या गेल्या. थोडं पुढे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला, दृश्य झाकणारे उंच पडदे आहेत. एकाच पुलावर पक्ष्यांना आवाज जाऊ नये म्हणून एक भिंत आणि माणसांना काही दिसू नये म्हणून दुसरी.

पूल उभा राहिला म्हणजे समुद्राशी व्यवहार संपला असं होत नाही. मिठाचं पाणी काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपतं आणि त्यातलं क्लोराइड आतल्या पोलादापर्यंत पोचलं की गंज धरतो. गंजलेलं पोलाद फुगतं, काँक्रीटला तडे जातात, तड्यांतून आणखी पाणी जातं. सर्वांत वाईट अवस्था होते ती भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, जिथे खांब दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा वाळतो. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला ऑक्सिजन कमी मिळतो, त्यामुळे तो उलट बराच सुरक्षित राहतो. गोव्याने याची किंमत मोजली आहे. १९७० मध्ये खुला झालेला पणजीजवळचा मांडवी नदीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आत, डोळ्यांआड असलेल्या ताणलेल्या केबल गंजून तुटल्या होत्या. बांधून जेमतेम सोळा वर्षं झाली होती. त्यानंतर लोकांना पुन्हा फेरीबोटींवर यावं लागलं. वाशीच्या पहिल्या पुलालाही खाऱ्या हवेने लवकरच ग्रासलं आणि शेजारी दुसरा पूल १९९७ मध्ये उभा करावा लागला. म्हणून आता सळयांवर काँक्रीटचं आवरण जाड ठेवतात, सिमेंटमध्ये राख किंवा पोलाद कारखान्यातली मळी दळून मिसळतात म्हणजे काँक्रीट अधिक घट्ट होतं, आणि केबलच्या नळ्यांत कुठेही पोकळी राहणार नाही याची तपासणी करतात. पण यातली कुठलीच गोष्ट कायमची नसते. ९ जुलै २०२५ रोजी मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला आणि वीसच्या आसपास माणसं गेली. तो पूल मध्य गुजरात आणि सौराष्ट्र यांना जोडणारा होता, म्हणजे याच आखाताच्या वळशावरचा. नवा पूल मागताना जुन्या पुलाच्या तपासणीसाठी दरवर्षी किती पैसा बाजूला ठेवला जातो, हेही आपण विचारलं पाहिजे. उद्घाटनाची तारीख सगळ्यांना माहीत असते, तपासणीची कोणालाच नसते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आता कोंडीचा हिशेब. अटल सेतू खुला झाल्यावर पहिल्या वर्षात त्यावरून सुमारे ८३ लाख वाहनं गेली, म्हणजे दिवसाला साधारण २३ हजार. ही संख्या आधी केलेल्या अंदाजांपेक्षा बरीच कमी होती. मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये, हे त्याचं एक कारण. मोटारसायकल, स्कूटर आणि रिक्षा यांना पुलावर बंदी आहे, म्हणजे बहुसंख्य कामकरी माणसांचं वाहन आधीच बाजूला राहतं. पुलावर लोकलचे रूळ नाहीत, मेट्रोही नाही. एसटीच्या शिवनेरीसारख्या मोजक्या बसगाड्या जातात, तेवढीच सार्वजनिक सोय. दिवसाच्या २३ हजार वाहनांत सरासरी दोन-दोन माणसं धरली तर ४६ हजार माणसं होतात. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक लोकल चार हजारांहून अधिक माणसं नेते. म्हणजे देशातला सर्वांत लांब सागरी पूल दिवसभरात जेवढी माणसं नेतो, तेवढी माणसं गर्दीच्या वेळच्या दहा-बारा लोकल नेतात. मुंबईत लोकलने रोज सत्तर लाखांहून अधिक प्रवास होतात. या तुलनेने पूल छोटा होत नाही, पण त्याच्याकडून किती अपेक्षा करावी याचं भान येतं.

दुसरी गोष्ट टोकांची. मोकळ्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला फार तर दोन हजारांच्या आसपास मोटारी जाऊ शकतात. एका दिशेच्या तीन लेनमधून सहा हजार. आता हा रस्ता सिग्नलवर येऊन थांबतो असं समजा. सिग्नल हिरवा असताना लेनमधून साधारण त्याच वेगाने गाड्या सुटतात, पण हिरवा दिवा काही तासभर लागलेला नसतो. इतर दिशांनाही वाट द्यावी लागते. एका दिशेच्या वाट्याला वेळेचे शंभरातले चाळीस भाग आले तर लेनमागे तासाला सात-आठशे गाड्या सुटतील, तीन लेनमधून सव्वादोन हजारांच्या आसपास. पुलाने भर गर्दीत सहा हजार गाड्या आणून टेकवल्या तर उरलेल्या साडेतीन हजारांहून अधिक गाड्यांची रांग मागे पुलावर चढत जाणार. शिवाय रस्त्यात वळण, उभा टेम्पो, फेरीवाला, बसथांबा असलं काही आलं की हा आकडा आणखी घसरतो. समुद्रावर वाचवलेली मिनिटं अशी पहिल्याच नाक्यावर खर्च होतात.

म्हणूनच मुंबईत अटल सेतूचं उरलेलं काम आता जमिनीवर चालू आहे. शिवडीहून वरळीला जाणारा सुमारे साडेचार किलोमीटरचा उन्नत मार्ग बांधला जातो आहे, म्हणजे पश्चिमेकडची वाहने सागरी किनारा मार्गावरून आणि वांद्रे–वरळी सागरी सेतूवरून खालच्या गल्ल्यांत न उतरता थेट अटल सेतूवर चढतील. यासाठी प्रभादेवीचा ब्रिटिशांच्या काळचा एल्फिन्स्टन पूल २०२५ मध्ये बंद करून पाडायला घेतला आणि शेजारच्या इमारतींतल्या रहिवाशांच्या घरांचा प्रश्न ऐरणीवर आला. पलीकडे चिर्ल्याला पूल उतरतो, तिथून मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला जोडणी केली जात आहे. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. ही सगळी जोडकामं पूर्ण झाली की पुलावरची वर्दळ वाढेल हे उघड आहे, आणि आजच्या आकड्यावरून पूल वाया गेला असं म्हणणं घाईचं होईल. मला खटकतं ते एवढंच, की समुद्रातला सगळ्यात अवघड भाग आधी पूर्ण झाला आणि त्यामानाने सोपी असलेली टोकं मागे राहिली. समुद्रात इंजिनीअरला चिखल आणि लाटा अडवतात. जमिनीवर घरं, दुकानं, रेल्वेची हद्द, न्यायालयातले दावे अडवतात, आणि ते सोडवायला पोलादापेक्षा संवाद जास्त लागतो.

याचं एक चांगलं उदाहरणही मुंबईनेच दिलं. सागरी किनारा मार्ग वांद्रे–वरळी सेतूला जोडताना वरळी कोळीवाड्यासमोर जे खांब उभे राहणार होते, त्यांच्यातलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. वारा-लाटांत एवढ्या जागेतून होड्या सुखरूप नेता येणार नाहीत, असं कोळी बांधवांनी सांगितलं. ते अडून बसले, काम थांबलं, बराच वाद झाला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तिथला गाळा १२० मीटरचा करण्याचं मान्य झालं. पाण्यावर रोज होडी घालणाऱ्या माणसाला त्या पाण्याचं जे ज्ञान असतं ते आराखड्यात पहिल्या दिवशीच आलं असतं, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते.

नवा रस्ता झाला की नवी वाहने येतात, हेही लक्षात ठेवायला हवं. जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवलं की तिथे महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढलं. प्रवास सोपा झाला की आधी घरी बसणारा माणूस निघतो, बसने जाणारा मोटार काढतो, लांब राहायला जाणं परवडतं आणि काही वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. सुरतेला हे सांगायला अमेरिकेचा दाखला लागू नये. १८७७ चा होप पूल हा तापीवरचा पहिला मोठा पूल. त्यानंतर नेहरू पूल, सरदार पूल, विवेकानंद पूल, २०१८ चा केबल पूल, २०२१ चा उमरा–पाल पूल अशी रांगच लागली. पुलांमुळे रांदेर-अडाजण-पालकडे शहर पसरलं, हजारो कुटुंबांना घरं मिळाली, हे मोठंच काम झालं. पण प्रत्येक पुलाच्या उतारावर सकाळ-संध्याकाळ जी रांग लागते, ती पुढच्या पुलाने संपलेली नाही.

आता पुन्हा खंभातच्या आखाताकडे. मुंबईत मोठ्यात मोठी भरती पाच मीटरच्या आसपास चढते. भावनगरला पाणी दहा मीटरहून जास्त चढ-उतार करतं, म्हणजे तीनमजली घराएवढं. जगातल्या मोठ्या भरतींमध्ये इथल्या भरतीची गणना होते. ओहोटीला जहाजं चिखलात बसू नयेत म्हणून भावनगर बंदरात दरवाजे लावून पाणी अडवून ठेवावं लागतं, आणि शेजारच्या अलंगला जुनी जहाजं भरतीच्या जोरावर किनाऱ्यावर चढवून तोडतात. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं तेव्हा प्रवाह जोरदार असतो, आणि साबरमती, मही, नर्मदा, तापी यांनी आणलेला गाळ तो सतत हलवत राहतो. खांबाभोवती प्रवाह घुमून तळ उकरतो, त्यामुळे पाया फार खोल न्यावा लागेल. शिवडीला भरती ही कामाची सोबतीण होती, इथे ती सगळ्यात मोठी अडचण असेल.

तरी अशक्य काही नाही. चीनने शांघायच्या दक्षिणेला हांगचौच्या उपसागरावर ३६ किलोमीटरचा पूल बांधला, तो २००८ मध्ये खुला झाला. तिथेही भरतीची लाट भिंतीसारखी आत शिरते. त्यांनी समुद्रावरचं काम शक्य तितकं कमी केलं. सत्तर मीटरच्या अख्ख्या तुळया किनाऱ्यावर ओतल्या आणि मोठ्या क्रेनजहाजांनी नेऊन खांबांवर ठेवल्या. निंगबो ते शांघाय हा रस्ता त्याने शंभराहून अधिक किलोमीटरनी कमी झाला. आपल्याकडेही तंत्र आहे, अटल सेतूवर काम केलेली माणसं आहेत आणि आखाताचा वळसा त्याहून मोठा आहे.

पण हा पूल हजिऱ्याला टेकेल तेव्हा काय होईल? हजिऱ्यात पोलाद, खत, वायू, पेट्रोरसायनं यांचे मोठे कारखाने आणि बंदर आहे, तिथला रस्ता आजही अवजड ट्रकांनी भरलेला असतो. भावनगर, अमरेलीहून येणारा माणूस मात्र बहुतकरून वराछाला जाणार, आणि वराछा शहराच्या अगदी दुसऱ्या अंगाला आहे. म्हणजे आखात ओलांडून आलेल्या गाड्या आख्खी सुरत ओलांडणार. मुंबईकडे आणि खानदेशाकडे जाणारे ट्रक दक्षिणेला वळून सचिन-पलसाण्याकडे निघणार. त्यांची वाट बाहेरच्या रिंगरोडवरून आखलेली नसेल तर ते उधना–मगदल्ला रस्त्याने आमच्याच दारात येतील, जिथे पाळीवर निघालेला कामगार सायकलवर असतो.

हे आधीच मोजता येण्यासारखं आहे आणि त्यासाठी पुलाची वाट पाहायची गरज नाही. घोघ्याची बोट रोज लागते. तिच्यातून उतरणारा प्रत्येक ट्रक आणि मोटार कुठे जाणार, हे धक्क्यावर विचारून वर्षभर नोंदवून ठेवलं तर पुलाच्या सुरतेकडच्या टोकाचा आराखडा त्यातूनच निघेल. त्या नोंदीत बसने जाणारी माणसंही धरावीत. कारण सुरतेच्या बीआरटीएस या जलद बससेवेची पहिली वाट २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन अशी, कामगार वस्त्यांमधून गेली, आणि तिच्यामुळे इकडच्या बाया-माणसांना कामावर जायला स्वतःच्या गाडीशिवाय एक खात्रीचा रस्ता मिळाला. आखातावरच्या पुलाच्या पहिल्याच नकाशात बससाठी राखीव लेन, हजिऱ्याहून वराछाला आणि उधन्याला थेट जाणारी बस आणि ट्रकांसाठी शहराबाहेरून काढलेली वाट, या तीन गोष्टी खांबांच्या आधी आखलेल्या दिसल्या, तर बमरोलीतून त्या पुलाच्या बाजूने पहिली सही मी करीन.